दूध शीतकरण केंद्रातील कॉम्प्रेसरचे अधूनमधून बंद पडणे : कारणमीमांसा व तपासणीची पद्धत
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा सहकारी साखर कारखानदारीसाठी जितका प्रसिद्ध आहे, तितकाच तो दुग्धव्यवसायासाठीही ओळखला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात विकसित झालेली 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय आणि संगमनेर, कोपरगाव, राहाता या भागांत रुजलेले सहकारी व खाजगी दूधसंकलन यांमुळे लहान शेतकऱ्याच्या घरखर्चाचा मोठा आधार उसापेक्षा दूधच ठरले. उसाचे पैसे वर्षाकाठी येतात, तर दुधाचे बिल अनेक संस्थांत दर दहा दिवसांनी मिळते. या बिलाची शाश्वती गावातील संकलन केंद्रात बसवलेल्या 'बल्क कूलर' या यंत्रावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

धारेचे दूध साधारणतः ३५ अंश सेल्सिअस तापमानाचे असते. ते सुमारे तीन तासांत ४ अंशांपर्यंत थंड व्हावे अशी अपेक्षा असते. दोन हजार लिटर दुधासाठी हिशेब केल्यास जवळजवळ ७० किलोवॅट-तास इतकी उष्णता बाहेर टाकावी लागते. हे काम मध्येच थांबले, तर अनुकूल तापमानात अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होणारे जिवाणू त्याची वाट पाहत नाहीत. सकाळी टँकरजवळ दूध नाकारले गेले, तर नुकसान एका शेतकऱ्याचे होत नाही. एकाच टाकीत ओतलेल्या सर्वांचे होते.

कॉम्प्रेसर पूर्णपणे जळाला, तर काय बिघडले ते सर्वांना समजते. खरी अडचण उद्भवते ती अधूनमधून होणाऱ्या बिघाडाच्या वेळी. यंत्र सायंकाळी बंद पडते, मेकॅनिकला निरोप जातो, आणि तो येईपर्यंत यंत्र पुन्हा व्यवस्थित चालू झालेले असते. अशा वेळी 'गॅस कमी झाला असेल' असे म्हणून गॅस भरला जातो. चार दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. प्रस्तुत लेखात अशा बिघाडाची कारणे आणि त्याचा शोध घेण्याची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

यंत्राचे तत्त्व

बल्क कूलर हा तत्त्वतः हीट पंपच होय. तो दुधातील उष्णता शोषून बाहेरच्या हवेत सोडतो. थंड प्रदेशांत घर तापवण्यासाठी वापरला जाणारा हीट पंप हेच काम उलट हेतूने करतो. काही शीतकरण केंद्रांत या बाहेर जाणाऱ्या उष्णतेवर कॅन धुण्याचे पाणी तापवले जाते. त्यामुळे पुढील विवेचन घरगुती हीट पंप, वातानुकूलन यंत्र व शीतपेटी यांनाही बहुतांशी लागू पडते.

कॉम्प्रेसर स्वतःहून थांबतो तेव्हा बहुतेक वेळा कोणते तरी संरक्षक उपकरण त्याला थांबवत असते. उच्चदाब कट-आऊट, न्यूनदाब कट-आऊट, ओव्हरलोड रिले आणि मोटारीच्या वेटोळ्यात बसवलेला उष्णतासंवेदी रक्षक ही ती प्रमुख उपकरणे होत. यांपैकी उच्चदाब कट-आऊट सहसा बटण दाबून हाताने पूर्ववत करावा लागतो. न्यूनदाब कट-आऊट दाब वाढताच आपोआप जोडला जातो. वेटोळ्यातील रक्षकही मोटार थंड झाल्यावर स्वतःच जोडला जातो. मात्र तापलेले कवच थंड होण्यास अर्ध्या तासापासून दीड-दोन तासही लागू शकतात. यंत्र कोणीही हात न लावता चालू झाले की बटण दाबल्यावर, आणि किती वेळाने, या एका प्रश्नाच्या उत्तरानेच निम्मा शोध लागतो. दुर्दैवाने हाच प्रश्न क्वचित विचारला जातो.

वीजपुरवठ्याशी निगडित कारणे

ग्रामीण भागात या कारणांचा विचार प्रथम करणे युक्त ठरते. मोटारीचे आघूर्णबल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज नेमलेल्या पातळीच्या ८० टक्क्यांवर आले, तर आघूर्णबल ६४ टक्केच उरते. सायंकाळी सहा ते आठ ही दूधसंकलनाची वेळ असते आणि गावठाणातील दिवे, पिठाच्या गिरण्या व घरगुती उपकरणे यांचा भारही त्याच वेळी वाढतो. म्हणजे कॉम्प्रेसरवर सर्वाधिक काम असते त्याच तासांत त्याला वीज सर्वांत दुबळी मिळते.

कमी व्होल्टेजपेक्षाही फसवे असते ते तीन फेजमधील असंतुलन. समजा, तीन फेजमधील व्होल्टेज ४१०, ४०० व ३७५ असे आहे. सरासरी ३९५ येते आणि पॅनेलवरील मीटर पाहणाऱ्यास ती समाधानकारक वाटते. परंतु सरासरीपासूनचे कमाल विचलन २० व्होल्ट, म्हणजे सुमारे ५ टक्के आहे. असंतुलनाच्या टक्केवारीचा वर्ग करून त्याची दुप्पट केली असता वेटोळ्याच्या तापमानवाढीत पडणारी भर अंदाजे मिळते, असा अभियांत्रिकीतील एक प्रचलित नियम आहे. त्यानुसार येथे ही भर ५० टक्के येते. एवढ्या उष्णतेने आतील रक्षक तुटणे स्वाभाविक आहे. त्यात कॉम्प्रेसरचा काहीच दोष नसतो.

याच प्रकारातील टोकाची अवस्था म्हणजे एक फेज जाणे. ग्रामीण महाराष्ट्राला 'सिंगल फेजिंग' हा शब्द नवा नाही. भारनियमनाच्या काळात, गावठाणाचे फीडर स्वतंत्र होण्यापूर्वी, शेतीपंप बंद ठेवण्यासाठी वीज मंडळच हा उपाय योजत असे. आज मात्र रोहित्रावरील 'डीओ' फ्यूज जाणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. उच्चदाब बाजूचा एक फ्यूज गेला, तर गावाकडच्या बाजूस एका फेजवर पूर्ण व्होल्टेज राहते आणि उरलेल्या दोन फेजवर ते जवळजवळ निम्मे होते. घरात मंद का होईना, दिवे लागलेले असतात. त्यामुळे वीज 'आहे' असेच समजले जाते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. चालू असलेली तीन फेजची मोटार गेलेल्या फेजच्या टोकाशी स्वतःच व्होल्टेज निर्माण करते. परिणामी, केवळ व्होल्टेजची उपस्थिती पाहणारे स्वस्त संरक्षक उपकरण फसते आणि मोटार दोन फेजवर चालत राहून तापते. प्रत्येक फेजमधील प्रवाह मोजणारे अथवा असंतुलन ओळखणारे उपकरण या ठिकाणी आवश्यक ठरते.

कधी कधी फेज रोहित्रावर जात नाही, ती पॅनेलमध्येच जाते. ॲल्युमिनियमची केबल पितळी टर्मिनलमध्ये आवळलेली असेल, तर तापण्या-निवण्याच्या चक्राने जोड सैल होतो. कॉन्टॅक्टरचे संपर्कबिंदू खड्डे पडून खराब होतात. मुंग्या किंवा एखादी पाल संपर्कबिंदूंमध्ये चिरडल्यामुळे एक फेज तुटणे हा प्रकार ऐकण्यास विनोदी वाटला, तरी असे घडते. असे दोष यंत्र तापल्यावर प्रकट होतात आणि निवल्यावर लुप्त होतात.

शीतचक्राशी निगडित कारणे

आर-२२ या शीतकाचा संघनन-दाब ४० अंश सेल्सिअसला सुमारे २०८ पौंड, तर ६० अंशांस सुमारे ३३७ पौंड प्रतिचौरस इंच असतो. कंडेन्सरला पुरेशी हवा मिळाली नाही, तर दाब या वरच्या आकड्याकडे सरकतो आणि उच्चदाब कट-आऊट तुटतो. केंद्राच्या आवारातील धूळ आणि कडबाकुट्टीचा भुसा फिन्समध्ये साचणे, यंत्र लहान खोलीत ठेवल्याने पंख्याने फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाणे, पंख्याची मोटार तापून मंदावणे ही त्याची कारणे होत. उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की काठावर चालणारे यंत्र काठाखाली जाते. दुपारी दूध आधीच थंड असल्याने यंत्रावर फारसा भार नसतो. म्हणून हा दोष भर दुपारी न दिसता सकाळच्या संकलनानंतर नऊ ते अकराच्या उन्हात किंवा तापलेल्या भिंतींच्या सायंकाळी दिसतो.

शीतक चक्रात फिरत असते. पेट्रोलसारखे खर्च होत नाही. ते कमी झाले असेल, तर गळती आहेच, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणे होय. त्याहून वाईट म्हणजे गॅस पुरेसा असताना अंदाजाने अधिक भरला, तर उच्चदाब वाढतो आणि नसलेला दोष निर्माण होतो.

शीतचक्रात ओलावा शिरला असेल, तर प्रसरण झडपेच्या सूक्ष्म छिद्रात बर्फाचा कण धरतो, प्रवाह अडतो, सक्शन दाब पडतो व न्यूनदाब कट-आऊट तुटतो. थांबलेल्या यंत्रात बर्फ वितळतो आणि सर्व सुरळीत होते. झडपेवर गरम पाण्याचे फडके ठेवताच सक्शन दाब वाढला, तर निदान निश्चित झाले असे समजावे. फिल्टर-ड्रायर बदलणे व चक्र निर्वात करणे हाच त्यावरील उपाय आहे. टाकीतील ढवळणी बंद पडल्यानेही सक्शन दाब पडतो. तळाशी दूध गोठू लागते. म्हणून ढवळणीकडे दृष्टिक्षेप टाकल्याशिवाय गेज जोडू नये.

तपासणीची पद्धत

अधूनमधून होणारा बिघाड मेकॅनिकच्या भेटीच्या वेळी हजर असेलच असे नाही. केंद्रावरील कर्मचारी मात्र दोन्ही वेळा तेथे असतो. म्हणून निरीक्षणाचे काम त्याच्याकडेच सोपवणे भाग आहे. बंद पडण्याची वेळ, तिन्ही फेजमधील व्होल्टेज, क्लँप मीटरने घेतलेला प्रत्येक फेजचा प्रवाह, दोन्ही दाब, टाकीतील दुधाचे तापमान आणि पुन्हा चालू होण्याची वेळ व रीत एवढ्या नोंदी आठ-दहा दिवस ठेवल्या, तर दोषाचा आकृतिबंध दिसू लागतो. बंद पडण्याच्या वेळा सायंकाळी सातच्या आसपास एकवटल्या आणि दाब सामान्य असले, तर शोध रोहित्राच्या दिशेने घ्यावा. व्होल्टेज समतोल असूनही एकाच फेजचा प्रवाह वेगळा आढळला, तर पॅनेलमधील जोड तपासावेत, आणि तेही वीज बंद करून.

यंत्र थांबताच ते लगेच चालू करण्याचा मोह टाळला पाहिजे. दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यास काही मिनिटे लागतात. त्यापूर्वी चालू केलेली मोटार फिरू शकत नाही आणि चालू प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह ओढत राहते. वीज जाऊन-येऊन करणाऱ्या गावांत किमान तीन मिनिटांचा विलंब देणारा टायमर म्हणूनच आवश्यक आहे.

सर्वांत घातक प्रथा म्हणजे कट-आऊट 'डायरेक्ट' करणे. दूध खराब होण्याच्या भीतीने वायरचा तुकडा जोडून संरक्षण वगळले जाते. त्या रात्रीचे दूध वाचते आणि तो तुकडा तसाच राहतो. पुढे कॉम्प्रेसर जळतो तेव्हा वेटोळ्याच्या ज्वलनातून तयार झालेले आम्ल संपूर्ण चक्रात पसरते, आणि चक्राची सफाई न करता बसवलेला नवा कॉम्प्रेसरही थोड्याच काळात निकामी होऊ शकतो. तो दोष मग कंपनीच्या मालाचा समजला जातो.

संकलन केंद्रावरील नोंदवहीत लिटर, फॅट व एसएनएफ यांचे रकाने असतात. उत्पादकाच्या पैशाचा हिशेब त्यांवर होत असल्याने ते काटेकोरपणे भरलेही जातात. त्याच पानाच्या उजव्या कडेला तीन व्होल्टेज, तीन प्रवाह व दोन दाब यांचे रकाने आखण्यास एक पट्टी पुरते, आणि क्लँप मीटर हाताशी असल्यास एका वेळच्या नोंदीला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.