एक हात आणि अंधारखोली

सुगीच्या दिवसांत मळणीयंत्राच्या घरघरीतच एखाद्या घरावर अकस्मात कुऱ्हाड कोसळते, हे बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील शेतकरी कुटुंबांना नव्याने सांगावयास नको. यंत्रात पेंढ्या लोटताना सदऱ्याची बाही अडकते, कडबा कापण्याच्या चाकात वा उसाच्या चरकात बोटे जातात आणि धडधाकट माणूस क्षणार्धात एका हाताचा होतो. मळणीयंत्रांच्या सुरक्षिततेसाठी १९८३ साली देशाच्या संसदेला धोकादायक यंत्रांविषयीचा एक स्वतंत्र कायदाच करावा लागला, यावरून या संकटाची व्याप्ती ध्यानी यावी. जखम कालांतराने भरून येते. परंतु त्यानंतर घरात जे एक वाक्य उच्चारले जाते, ते वर्षानुवर्षे सलत राहते : “तू आता बसून राहा रे बाबा, तुझ्याच्यानं काय होणार?” वाक्य प्रेमापोटीच निघते, परंतु हाताबरोबर ते माणसाचे कामही काढून घेते.

हे वाक्य खरे आहे काय, याचा विचार आज आम्ही वाचकांसमोर मांडू इच्छितो. त्यासाठी आम्ही जाणूनबुजून एक अवघड कला निवडली आहे : फिल्मवर छायाचित्रे घेण्याची आणि ती अंधारखोलीत स्वतः धुऊन कागदावर छापण्याची. या कलेत पावलोपावली दोन हात लागतात, असा सर्वसाधारण समज आहे. असे काम जर एका हाताने साधत असेल, तर शेतघरातील व दुकानातील कितीतरी कामे साधावयास हरकत नसावी.

प्रागचा एकहाती छायाचित्रकार

याचे सर्वांत मोठे उदाहरण युरोपात, आजच्या चेक प्रजासत्ताकात घडले. योसेफ सुदेक यांचा जन्म १८९६ साली कोलीन या गावी झाला. ते लहान असतानाच वडील वारले. तरुणपणी त्यांनी पुस्तकबांधणीचा धंदा शिकून घेतला. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांना इटलीच्या आघाडीवर धाडण्यात आले; तेथे उजवा हात जखमी झाला, जखम चिघळली आणि अखेर तो खांद्यापासून कापून टाकावा लागला. पुस्तकबांधणी संपली. कचेरीतील बैठी नोकरी त्यांना मिळू शकत होती, परंतु ती त्यांनी पत्करली नाही. १९२२ साली ते प्रागच्या मुद्रणकला विद्यालयात छायाचित्रण शिकावयास गेले. त्या दिवसांत त्यांनी ज्यांची चित्रे घेतली, त्यांत युद्धात अपंग होऊन सैनिकी आश्रमात दिवस काढणारे त्यांचेच सोबती होते.

प्रागमधील संत व्हिटस यांच्या भव्य कॅथेड्रलचे शतकानुशतके रेंगाळलेले बांधकाम त्या काळी पूर्णत्वास जात होते. सुदेक आपला अवजड कॅमेरा व तिपाई घेऊन तेथे जात. उंच खांबांमधून उतरणारे उन्हाचे झोत, खाली पडलेली दगडमाती, गवंड्यांची हत्यारे, असे सारे त्यांनी टिपले आणि १९२८ साली त्यातील १५ चित्रांचा संच प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी एक जुना कॅमेरा मिळविला. त्याची फिल्म १० सेंटिमीटर उंच व ३० सेंटिमीटर लांब असे. त्या कॅमेऱ्याने घेतलेली प्रागची २८४ चित्रे १९५९ साली ग्रंथरूपाने बाहेर आली. १९७६ साली ते वारले, तेव्हा जगातील थोर छायाचित्रकारांत त्यांची गणना होत होती.

हे सर्व त्यांनी कसे साधले? कॅमेरा त्यांनी हाती धरलाच नाही. तो तिपाईवर ठेवला. जेथे दुसऱ्या हाताची गरज पडे तेथे गुडघे आणि दात कामी आणले. १९४० पासून चित्र मोठे करून छापण्याचा खटाटोप त्यांनी बहुतांशी सोडला आणि मोठी निगेटिव्ह सरळ कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचे चित्र छापण्याची जुनी रीत धरली. आणि त्यांनी मदतही घेतली. त्यांची बहीण बोझेना घरी व कामात त्यांना साथ देई. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी छळछावणीतून वाचलेली सोन्या बुलाती ही तरुणी त्यांची साहाय्यक झाली. मदत घेतल्याने सुदेक यांचे काम दुसऱ्याचे झाले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विळीची शिकवण

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. सुरीने भाजी चिरावयाची तर एका हाती सुरी आणि दुसऱ्या हाती भाजी लागते. आपली विळी मात्र पायाखाली दाबलेली असते. पाते जागच्या जागी स्थिर राहते आणि हात केवळ भाजी पुढे सारतो. गावचा सुतारही लाकडाची फळी पायाने दाबूनच धरतो. हत्यार किंवा वस्तू स्थिर करावी म्हणजे हात मोकळा होतो, हे तत्त्व आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एकहाती छायाचित्रणाचे सारे शास्त्र या विळीच्या तत्त्वावरच उभे आहे.

प्रथम कॅमेरा. बहुतेक कॅमेऱ्यांचे बटण व फिल्म पुढे सरकविण्याचा दांडा उजव्या बाजूस असतो. म्हणून डावा हात गमावलेल्यास अडचण थोडी व उजवा गमावलेल्यास अधिक. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे बनणाऱ्या एक्झाक्टा कॅमेऱ्याचे बटण व दांडा मात्र डाव्या बाजूस असत. असा जुना कॅमेरा न मिळाल्यास तीन उपाय आहेत. पहिला तिपाईचा, व तिच्या जोडीला बटण दाबणाऱ्या लवचिक तारेचा. दुसरा, कॅमेऱ्याच्या तळाशी स्क्रूने बसणाऱ्या पिस्तुलासारख्या मुठीचा. तिचा घोडा ओढला की तारेने बटण दाबले जाते आणि ती कोणत्याही हातात चालते. तिसरा, फिल्म आपोआप पुढे सरकविणाऱ्या मोटारीच्या कॅमेऱ्याचा. असे कॅमेरे १९८० नंतर पुष्कळ निघाले व आजही जुन्या बाजारात मिळतात. कॅमेऱ्यात फिल्म भरताना तो टेबलावर ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे घसरत नाही.

अंधारातील व्यवस्था

फिल्मवर जे उजळ ते काळे व जे काळे ते उजळ उमटते. १८९८ साली तुरीन येथील सेकोंदो पिया या वकिलाने तेथील पवित्र प्रेतवस्त्राचे छायाचित्र घेतले. अंधारखोलीत काच धुताना त्या उलट्या चित्रात प्रभूच्या मुखासारखे मुख स्पष्ट झालेले पाहून ते थक्क झाले. हे उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, धुण्यापूर्वी फिल्मवर प्रकाशाचा एक कणही पडता कामा नये. एकहाती माणसाची खरी कसोटी येथेच लागते.

फिल्म धुण्याच्या डब्यात एक रीळ असते व त्यावर फिल्म गुंडाळावी लागते. प्लास्टिकच्या रीळाच्या दोन चकत्या असतात. एक स्थिर धरून दुसरी मागेपुढे फिरविली की फिल्म आत ओढली जाते. सुताराकडून जाड फळीत खाच पाडून घ्यावी, खालची चकती तीत घट्ट बसवावी आणि वरची हाताने फिरवावी. कॅमेऱ्यातून फिल्म उलटी गुंडाळताना तिचे टोक डबीबाहेर राहू दिले, तर ते टोक उजेडातच कात्रीने गोल करून रीळात अडकविता येते व अंधारात केवळ फिरविण्याचे काम उरते. शेवटी कात्रीने डबीपाशी फिल्म तोडावी. अंधारखोलीऐवजी दोन बाह्यांची काळी पिशवी वापरणाऱ्याने रिकामी बाही आधीच सुतळीने आवळून बांधावी, नाहीतर तिच्यातून प्रकाश शिरतो. रीळ कोरडे ठणठणीत असावे. घामाच्या ओलीने फिल्म अडकते. वाया गेलेल्या फिल्मवर प्रथम उजेडात, मग डोळे मिटून आणि शेवटी अंधारात असा सराव करावा.

एकदा डब्याचे झाकण लागले की पुढचे काम उजेडात होते. काही डब्यांच्या झाकणातून दांडी वर येते. ती फिरविली तरी औषध हलते व जड डबा उलटा करावा लागत नाही. औषधाच्या बाटल्या फळीतील गोल भोकांत बसवाव्या, म्हणजे एका हाताने झाकणे उघडतात. औषधाचे तापमान साधारणपणे २० अंश ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी फार तापते. तेव्हा औषधाचे भांडे माठातील गार पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावे.

चित्र कागदावर छापताना आणखी एक अडचण येते. दोन हातांचा कारागीर एक हात ओला व एक कोरडा राखतो, कारण ओल्या बोटाचा डाग कोऱ्या कागदावर पडला की कागद फुकट जातो. एका हाताच्या माणसाने औषधात बोटे मुळीच बुडवू नयेत. प्रत्येक तबकासाठी वेगळा चिमटा आणि कमरेला कोरडा पंचा ठेवावा. चित्र मोठे करण्याच्या यंत्राचा दिवा पायाने दाबावयाच्या बटणावर घ्यावा. तबके नेहमी एकाच क्रमाने मांडावीत : प्रथम चित्र उमटविणारे औषध, मग ती क्रिया थांबविणारे, मग चित्र पक्के करणारे. कागदाची पेटी, चिमटे, घड्याळ यांची जागा कधीही बदलू नये. अंधारात दोन हातांचा माणूसही चाचपडतो. ज्याची प्रत्येक वस्तू जागच्या जागी आहे, तो एका हाताचा असूनही चाचपडत नाही. व्यवस्था हाच त्याचा दुसरा हात होय.

कुटुंबाचे कर्तव्य

कोणी म्हणेल, आज मोबाइलच्या काळात फिल्म कोण वापरतो? निव्वळ अंधारखोलीच्या आधारावर संसार चालविणे आज कठीण आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तिपाई, मूठ, स्थिर फळी व ठरलेला क्रम ही साधने आजच्या कॅमेऱ्यालाही तशीच उपयोगी पडतात. आणि लग्ने, बारशी, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे सोहळे यांची चित्रे लोकांना आजही हवीच असतात. शिवाय जो फिल्मवर शिकला त्याला धीर व नेटकेपणा यांचे शिक्षण आपोआप मिळते. ज्यांना कृत्रिम हात हवा असेल त्यांनी तो अवश्य बसवून घ्यावा. २०१६ च्या कायद्यानुसार अपंगत्वाचा दाखला घेऊन सरकारी साहाय्यही मागावे. परंतु एक साधी फळी व सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम यांनीही पुष्कळ अडते काम सुटते, हे विसरू नये.

साधने माणसासाठी बदलावी, हे ख्रिस्तसभेलाही अपरिचित नाही. येशूसंघीय धर्मगुरू संत इसाक जोग यांची बोटे उत्तर अमेरिकेत १६४२ साली छळ करणाऱ्यांनी तोडली व चिरडली. त्या काळच्या नियमानुसार अशा हातांनी मिस्सा अर्पण करता येत नसे. पोप आठवे उर्बन यांनी त्यांना खास परवानगी दिली. बोटे परत येणार नव्हती. म्हणून नियमाने वाट करून दिली.

मेहकर असो वा त्याच्या भोवतालची लहानमोठी गावे, ज्या घरात असा मुलगा, सून वा बाप असेल त्या घराला आमचे एवढेच सांगणे आहे : त्याच्या हातचे काम काढून घेण्यापूर्वी, “कोणती वस्तू धरून ठेवली तर तुला हे जमेल?” असे त्याला विचारा. मग ती वस्तू मुकाट्याने एकदा धरा, आणि ती स्थिर कशी करावयाची याचा विचार त्याच्याबरोबर बसून करा. शुभवर्तमानात वाळलेल्या हाताच्या माणसाची हकीगत आपण मिस्सात ऐकतो. संत लूक सांगतात की त्याचा उजवा हात वाळलेला होता. प्रभूने त्याला बरे केले हे खरेच. परंतु त्याआधी सभास्थानात असलेल्या त्या माणसाला बोलावून सर्वांच्या मधोमध उभे केले. हात बरा करणे आपल्या सामर्थ्याबाहेरचे आहे. परंतु घराच्या कोपऱ्यात बसविलेल्या माणसाला कामाच्या मधोमध आणून उभे करणे, एवढे तर आपल्या हाती खास आहे.