दुखत नाही म्हणून सोडू नका : जबड्यातली पाण्याची गाठ

चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी दात दुखला तरी मिश्री लावून दिवस ढकलतात. मग न दुखणाऱ्या सुजेसाठी कोण खाडा करणार? पण आज ज्या गाठीबद्दल बोलायचं आहे, ती बरेचदा दुखतच नाही. न दुखताच ती आतून हाड पोखरत जाते.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जागा नसली की ती हाडातच आडवी, तिरकी अडकते. वरचा सुळाही असा अडकतो. तयार होणाऱ्या दाताच्या डोक्याभोवती एक पातळ पिशवी असते. दात अडकून राहिला, तर कधीकधी दात आणि पिशवी यांच्यामध्ये पाणी साचतं. पिशवी फुगते, हाड झिजतं, शेजारचे दात सरकतात. हीच सिस्ट. अडकलेल्या प्रत्येक दाढेला ती होत नाही, पण झाली तर आपोआप जिरतही नाही.

मग ओळखायची कशी? गालाखाली हळूहळू वाढणारी सूज, वाकडे होऊ लागलेले दात, मुलांचा वय उलटूनही न आलेला पक्का दात, या खुणा. जंतुसंसर्ग झाला तर ठणका आणि पू. डॉक्टर ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात. त्यात दोन्ही जबडे एकाच फोटोत दिसतात आणि दाताच्या डोक्याभोवती गोल काळी सावली दिसली की सिस्टची शंका येते. गरोदर असाल तर आधी सांगा.

लहान गाठ असेल तर ती दाढेसकट काढून टाकतात. गाठ मोठी असेल किंवा मूल लहान असेल, तर आधी गाठीला छोटी खिडकी करून पाणी वाहू देतात. गाठ आकसते आणि मुलांचा अडकलेला दात कधीकधी आपोआप खालीही येतो. खालच्या दाढेजवळून ओठाची नस जाते, म्हणून ओठ बधिर होण्याचा धोका किती, हे आधीच विचारा. पोकळीत हाड भरायला काही महिने लागतात. तोवर पुन्हा एक्स-रे चुकवू नका. दाढ काढली की नजर जाते, ही समजूत मात्र खोटी आहे.

काढलेली गाठ तपासणीला पाठवली का, हे आवर्जून विचारा. एक्स-रेमध्ये अगदी अशाच दिसणाऱ्या काही गाठी पुन्हा उद्भवणाऱ्या असतात. त्यांचा उपचार वेगळा असतो. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखालीच.

पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी मुखशस्त्रक्रियेचे तज्ज्ञ असतात. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर उपचाराचा हक्क तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांनाही आहे. अटी पूर्ण असतील तर आजारपणाच्या रजेत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. कार्ड शोधून ठेवा.

लहान गाठ थोडक्यात निघते. उशीर झाला तर जबड्याचं हाड इतकं पातळ होतं की ते मोडूही शकतं. तेव्हा येत्या सुट्टीला आरशासमोर दोन्ही गाल चाचपून बघा, घरातल्या मुलांचे दात मोजा आणि शंका आली तर दंतवैद्याकडे जा.