स्वहस्ते बांधलेले विमान : निगा, दुरुस्ती आणि नोंदीची भाषा

कारखान्यात न बनता एखाद्या हौशी गृहस्थाच्या गॅरेजात बनलेल्या विमानाला अमेरिकेच्या हवाई प्रशासनाच्या दप्तरी ‘प्रायोगिक, हौशी बांधणीचे’ असे स्थान आहे. विमानाचा अधिकांश भाग बांधणाऱ्याने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी घडविलेला असावा, ही त्यातील मुख्य अट होय. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी लोकांचा संघ स्थापन केला, तेव्हापासून ही परंपरा तेथे चांगलीच रुजली आहे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, हे वाचकांस स्मरत असेल. बांधणीची वार्ता अशी सर्वत्र होते. त्यानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या देखभालीविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही.

या देखभालीचा पाया एका शब्दभेदात आहे. कारखान्याचे विमान ‘उड्डाणयोग्य’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यात दोन विधाने अंतर्भूत असतात : ते शासनमान्य नमुन्याशी जुळते, आणि ते सुरक्षितपणे चालविण्याजोग्या स्थितीत आहे. घरच्या विमानाला शासनमान्य नमुनाच नसतो. त्यामुळे पहिल्या विधानास तेथे अर्थ उरत नाही. म्हणून दर बारा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीनंतर नोंदवहीत ‘उड्डाणयोग्य’ हा शब्द न लिहिता विमान ‘सुरक्षित चालविण्याच्या स्थितीत आढळले’ एवढेच लिहावयाचे असते. वरवर पाहता हा कारकुनी काटेकोरपणा वाटेल; पण तो तसा नाही. सही करणारा विमानाच्या स्थितीची ग्वाही देतो, रचनेची नव्हे. रचनेची जबाबदारी बांधणाऱ्यावर राहते.

सहीचा अधिकार कोणास, याचीही व्यवस्था विलक्षण आहे. दुरुस्ती कोणीही करावी, अगदी एंजिनही बदलावे. परंतु वार्षिक तपासणीवर सही करण्याचा अधिकार मुख्यतः परवानाधारक यंत्रज्ञास किंवा मूळ बांधणाऱ्यास असतो. बांधणाऱ्यास मिळणारे प्रमाणपत्र त्या एका विमानापुरतेच असते, आणि विमान विकले तरी ते नव्या मालकाकडे जात नाही. त्याबरोबरच, कोणती गोष्ट कोठे व का बसविली याचे ज्ञानही बहुधा मूळ बांधणाऱ्यापाशीच राहते.

बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या विमानाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. हे दोन आसनांचे विमान असून त्याचे एंजिन पाठीमागे असते. पंखाचा गाभा पॉलिस्टायरीन फोमचा. त्यावर काचतंतूंचे कापड एपॉक्सीत भिजवून चढवावयाचे. धातूला पडलेली चीर डोळ्यांस दिसू शकते. येथे मात्र वरचे कवच गाभ्यापासून सुटले तरी रंगाखाली काही दिसत नाही. म्हणून नाण्याने ठोकून पाहतात. माठ घेताना आपण जसा कान देतो तसाच येथेही द्यावयाचा : भरीव जागी टणक नाद, सुटलेल्या जागी बोदा. दुरुस्ती करताना रंग खरवडून जुन्या थरांच्या कडा उतरत्या घासतात आणि नवे कापड मूळ थराच्या तंतूंच्याच दिशेने बसवितात. दिशा चुकली तर जाडी तेवढीच राहूनही बळ कमी पडते. पेट्रोल सांडून आतपर्यंत झिरपले तर पॉलिस्टायरीन विरघळते. वरच्या पृष्ठभागाला गडद रंग दिला तर उन्हाने एपॉक्सी मऊ पडते. ही विमाने पांढरी दिसतात त्याचे कारण हेच, शोभा नव्हे. नळ्या, तारा, बोल्टांच्या सुरक्षा-तारा, एंजिनातील दाब इत्यादींची तपासणी इतर लहान विमानांसारखीच असते, तिचा विस्तार येथे अनावश्यक आहे.

रुटान यांच्या संस्थेने १९८५ साली आराखडे विकणे बंद केले. आराखड्यांतील सुधारणा ती आपल्या वार्तापत्रातून कळवीत असे. त्यांपैकी कोणत्या अमलात आणल्या हे ज्याच्या त्याच्या नोंदवहीवरूनच कळावयाचे. जुन्या पोथीची पाठांतरे लावणाऱ्यास ही अडचण परिचित वाटेल.

नोंद आणि पाटी यांची उपेक्षा किती महाग पडते हे १२ ऑक्टोबर १९९७ च्या अपघाताने दाखविले. गायक जॉन डेन्व्हर यांनी असेच एक विमान नुकतेच विकत घेतले होते. आराखड्याप्रमाणे इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मधोमध असावयास हवा. मूळ बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसविला होता. त्याच्या दांड्यावर कसलीही खूण नव्हती. इंधनदर्शक काचांवरही खुणा नव्हत्या, आणि त्या मागच्या आसनावरूनच दिसत. दांडा जड फिरतो व पट्टा बांधल्यावर हाती लागत नाही, हे यंत्रज्ञ व डेन्व्हर या दोघांच्याही ध्यानात आले होते. पक्कड लावून दांडा लांबविण्याचा यत्न झाला, तो फसला. शेवटी खांद्यावरून मागे पाहण्यासाठी यंत्रज्ञाने एक आरसा दिला. तासाभराचेच उड्डाण म्हणून इंधन भरण्यास डेन्व्हर यांनी नकार दिला. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ विमान समुद्रात कोसळले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढलेला निष्कर्ष असा : कॉक फिरविण्यासाठी अंग वळविताना उजव्या पायाचा दाब नकळत सुकाणूच्या पेडलावर पडला आणि ताबा सुटला. इंधन न भरणे व या जातीच्या विमानाचा अपुरा सराव यांबरोबरच, खूण नसलेला दांडा अवघड जागी बसविण्याचा बांधणाऱ्याचा निर्णयही मंडळाने कारणांत नोंदविला. येथे एंजिन वा पंख यांचा दोष मुख्य नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जागा बदलली होती. ती बदलल्याचे सांगणारे अक्षर मात्र कोठेही नव्हते.

असे विमान दुसऱ्याकडून घेणाऱ्याने पहिली तपासणी जमिनीवरच, एंजिन बंद ठेवून करावी. आराखडा शेजारी उघडून प्रत्येक फरक नोंदवहीत उतरवावा व शक्य असल्यास मूळ बांधणाऱ्यास त्याचे कारण विचारावे. मग आसनावर बसून पट्टा आवळावा, डोळे मिटावेत, आणि एकेका दांड्याचे नाव घेत त्यावर हात ठेवून पाहावा. जेथे हात चाचपडेल तेथे पाटी लावून भागत नाही. तो दांडाच हलवावा लागतो.