व्याधाशेजारचा अदृश्य तिसरा

ज्या जोडताऱ्याची कक्षा पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसते, त्यातील एक तारा दर फेरीत दुसऱ्याला झाकतो आणि दोहोंचे मिळून दिसणारे तेज ठरावीक काळाने उतरते. अशा जोडीस ग्रहणकारी जोडतारा म्हणतात. हैदराबादजवळ जपाल-रंगापूर येथे १९६८ साली उस्मानिया विद्यापीठाची ४८ इंची दुर्बीण उभी राहिली, आणि पुढील दशकांत कृष्ण दामोदर अभ्यंकर, एम. बी. के. शर्मा व त्यांचे सहकारी अशा ताऱ्यांमागे चिकाटीने लागले. त्यांपैकी बृहल्लुब्धक समूहातील 'आर' या ताऱ्यावरील काम सर्वांत टिकाऊ ठरले.

हा तारा सुमारे २७ तास १६ मिनिटांत एक फेरी पुरी करतो आणि ग्रहणात ५.७ प्रतीवरून ६.३ प्रतीपर्यंत मंदावतो (प्रतीचा आकडा वाढला की तेज घटते). मात्र अनेक दशकांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा त्याची ग्रहणे गणितापेक्षा कधी लवकर, कधी उशिरा लागलेली आढळली. १९८४ साली राधाकृष्णन, शर्मा आणि अभ्यंकर यांनी याचा उलगडा असा केला की, ही जोडी एका अदृश्य तिसऱ्या ताऱ्यासह सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरत असल्यामुळे आपल्यापासून कधी जवळ तर कधी दूर जाते, आणि प्रकाशाला पोहोचण्यास लागणारा वेळ त्याप्रमाणे बदलतो. घड्याळ तेच, ते ठेवलेली जागा तेवढी सरकते.

१९९६ साली शर्मा, विवेकानंद राव आणि अभ्यंकर यांनी विल्सन-डेव्हिनी पद्धत वापरली. तीत ताऱ्यांचे आकार, तापमान आणि कक्षेचा कल गृहीत धरून तेजाचा आलेख काढतात आणि तो निरीक्षणांशी जुळेपर्यंत ती मूल्ये सुधारत नेतात. अर्थात आलेख जुळला एवढ्यावर प्रतिमान सिद्ध होत नाही, कारण वस्तुमानांसाठी वर्णपटावरून मोजलेल्या गतीही लागतात. या विश्लेषणातून मुख्य ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या १.०७ पट, तर जोडीदाराचे अवघे ०.१७ पट निघाले.

तिसऱ्या ताऱ्याला २००२ साली रिबास, अरेनू आणि गिनान यांनी हिपार्कोस उपग्रहाच्या मोजमापांची जोड देऊन दुजोरा दिला. त्याचा कक्षाकाल ९२.८ वर्षे, वस्तुमान सूर्याच्या ०.३४ पट, आणि त्याच्यामुळे ग्रहणे सरासरी वेळेच्या पुढेमागे सुमारे ४३ मिनिटांपर्यंत सरकतात. उपग्रहाने दिलेल्या या पुराव्याआधी १८ वर्षे हैदराबादचा निष्कर्ष छापून झालेला होता, ही गोष्ट मराठी विज्ञानलेखनात अधिक ठळकपणे यायला हवी होती.

सिल्व्हासाजवळच्या वासोण्याहून हा तारा व्याधाच्या पूर्वेस सुमारे ८ अंशांवर दिसतो. मध्यमंडलावर येताना तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५३ अंश वर असतो. साध्या द्विनेत्रीतून पाहणाऱ्याने एक ग्रहण टिपले, तर आठ दिवसांनी सुमारे ७० मिनिटे आधी पुन्हा पाहावे.