मृग चुकला की पाऊस?

२६ मे २०२५ ला मोसमी पाऊस मुंबईत आला आणि १९५६ चा २९ मेचा विक्रम मोडला. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा आकडाही मागे पडला. आचार्य अत्रे चौकातल्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं आणि तेवढ्यावर दोन दिवस सगळ्या वाहिन्यांची सोय झाली. एक गोष्ट मात्र कुठल्याच मथळ्यात आली नाही. मृग लागायला अजून १३ दिवस होते.

परळ-लालबागच्या चाळींत एके काळी मृगाच्या या तारखेला मोल होतं. गिरण्यांतले खाडे मे महिन्यात वाढत, कारण रत्नागिरीचा, साताऱ्याचा कामगार पेरणीसाठी गावाकडे पळे. गावचा हिशेब नक्षत्रांवर चाले. कोकणात धूळवाफेची पेरणी रोहिणीत, कोरड्या मातीत. रोहिणीतच धो-धो कोसळला तर वाफसा मिळत नाही आणि बियाणं हातात धरून बसावं लागतं. २०२५ मध्ये तेच झालं.

नक्षत्रांविषयी शेतकरी कसं बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. मृग ‘बरसतो’, आर्द्रा ‘लागतात’, मघा ‘ओढ देतात’, हत्ती (म्हणजे हस्त) ‘झोडपतो’. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. कर्ता सगळीकडे नक्षत्र. इंद्र नाही, वरुण नाही. पंचांगं यात आणखी भर घालतात ती नक्षत्रांच्या वाहनांची. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती अशी नऊ वाहनं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस चांगला. कोल्हा आला तर कपाळाला हात. हे ठरतं कसं? सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, उरलेल्या बाकीवरून वाहन काढायचं. ढग, वारा, अरबी समुद्र यांचा या भागाकाराशी काडीचाही संबंध नाही. तरीही दर जूनमध्ये वर्तमानपत्रं ही वाहनं हवामान खात्याच्या अंदाजाशेजारी छापतात, आणि वाचक आधी वाहन बघतो.

याला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणं सोपं आहे. पण पावसाचा देव कालगणनेत ठेवणारे आपण एकटेच नाही. दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्यातले झापोटेक लोक याच वाटेने आपल्याही पुढे गेले होते.

त्यांचा कोसिहो हा विजेचा आणि पावसाचा देव. सापासारखी दुभंगलेली जीभ आणि मुखवटा असं त्याचं रूप मोन्ते अल्बानच्या थडग्यांतल्या मातीच्या कलशांवर पुन्हा पुन्हा दिसतं. जवळच्या लांबित्येको इथे भिंतीवर त्याचे गिलाव्यातले मोठे मुखवटे आहेत. एका हातात पाणी ओतणारा घडा, दुसऱ्या हातात वीज. इथवर सगळं ओळखीचं. नवल पुढे आहे. डोमिनिकन पाद्री हुआन दे कोर्दोवा याने १५७८ साली झापोटेक भाषेचं व्याकरण छापलं आणि त्यात या लोकांच्या २६० दिवसांच्या पवित्र दिनदर्शिकेची माहिती दिली. तिचे ६५-६५ दिवसांचे चार भाग होते आणि त्या प्रत्येक भागालाही कोसिहो हेच नाव होतं. म्हणजे काळाचा चौथा हिस्सा हीच एक वीज. तो चालू आहे तोवर जे घडेल त्याचं कारण तोच आणि नैवेद्यही त्यालाच. कोर्दोवाचा हेतू काही उदात्त नव्हता. या लोकांना ख्रिस्ती करायचं म्हणून तो त्यांची भाषा शिकला. पण मिशनऱ्याच्या या चिकाटीमुळेच आज ही रचना आपल्याला कळते. असे उपकार वासाहतिक काळाने आपल्यावरही केले आहेत आणि आपणही ते कुरकुरतच मान्य करतो.

शेजारच्या अझ्टेकांचा त्लालोक जास्त प्रसिद्ध. त्याच्या घरात पाण्याचे चार रांजण असल्याची कथा स्पॅनिश काळात लिहून ठेवली गेली. एका रांजणातलं पाणी कणसं भरवणारं. बाकीच्यांतलं पिकं सडवणारं, गारठवणारं, दाणाच न भरू देणारं. त्याचे चाकर हे पाणी घड्यांत भरून नेतात आणि काठीने घडे फोडतात. तोच गडगडाट. पाऊस पडला की पडला, असं त्या शेतकऱ्यांनी कधी मानलं नाही. कुठल्या रांजणातला पडला, हा खरा प्रश्न. तरण्या-म्हाताऱ्या पावसाचं आपलं गणित याच जातीचं आहे. उलट नुसते मिलिमीटर मोजणाऱ्या बातम्या हा प्रश्न विचारतच नाहीत.

आपल्याकडे मूर्तीतला पाऊसदेव शोधायला गेलं तर फजिती होते. मळवलीजवळच्या भाजे लेण्यांतल्या विहारात हत्तीवर बसलेल्या एका पुरुषाचं जुनं शिल्प आहे. हत्ती सोंडेने झाड उपटतोय. बरेच अभ्यासक त्याला ऐरावतावरचा इंद्र म्हणतात, काहींच्या मते ही मांधाता राजाची कथा आहे. म्हणजे आपला सर्वांत जुना इंद्र इंद्र आहे की नाही, हेच नक्की नाही. वरुणराजा तर मुख्यतः मथळ्यांत राहतो. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला त्याला नारळ मिळतो, पण तो समुद्र म्हणून. पाऊस ओढ देतो तेव्हा गावं धरतात ती महादेवाला: गाभारा कोंडून पिंड पाण्याखाली जाईस्तोवर घागरी ओतायच्या. पावसासाठी स्वतंत्र देव हवाच असेल तर तो पालघर-डहाणूच्या वारल्यांकडे मिळतो. त्यांचा नारनदेव पावसाचा. शहराने वारल्यांची चित्रं दिवाणखान्यात लावली, देव मात्र डोंगरातच राहू दिला.

महादेवाचा विषय निघाला की परळला यावंच लागतं. १९३१ साली इथे रस्त्याचं काम चालू असताना साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचं एक अखंड शिल्प जमिनीतून निघालं. एकातून एक उगवणारी शिवाची रूपं, पायाशी वाद्यं वाजवणारे गण. काळ साधारण पाचवं-सहावं शतक. ते आता बारादेवीच्या देवळात आहे आणि पूजेतही आहे. मेक्सिकोत १९६४ साली कोआत्लिंचान गावातून अशीच एक शिळा, पण १६८ टनांची, ट्रेलरवर घालून राजधानीच्या संग्रहालयात नेली. गावकऱ्यांचा कडवा विरोध होता. शिळा शहरात पोचली ती रात्र कोरड्या हंगामातली, तरी मुसळधार पाऊस झाला. तो त्लालोकचाच, असं लोक आजही सांगतात. ती मूर्ती मुळात त्लालोकची आहे का, यावर विद्वान अजून भांडतात. परळची मूर्ती परळातच राहिली, हे बरं झालं.

पण परळचं शिल्प इथे आणण्याचं खरं कारण वेगळं आहे. आपली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली, ऋतू मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण फिरण्याला. पृथ्वीचा आस हळूहळू डोलत असल्यामुळे या दोन्हींत साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. शिल्प घडवलं गेलं त्याला सुमारे १५०० वर्षं झाली, म्हणजे जवळपास २१ दिवस. त्या काळी सूर्य मृगात शिरे तो आजच्या मोजणीने १७-१८ मेच्या सुमारास, आणि महिनाअखेरपर्यंत मृगच चाले. म्हणजे २६ मेचा हा विक्रमी पाऊस त्या कारागिराच्या हिशेबात ऐन मृगात पडला असता! वेळापत्रक पावसाने मोडलं असं आपण म्हणतो, तेव्हा वेळापत्रकही सरकत असतं हे सोयीने विसरतो. हवामान खातंही याला अपवाद नाही. नवी सरासरी काढून त्यांनी २०२० साली मुंबईतल्या आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जून केली. पुढे पाच वर्षांतच पाऊस मेमध्ये हजर. २०२५ च्या घाईचं कारण अर्थातच आसाचं डोलणं नव्हे. ते वाऱ्यांत आणि समुद्रात शोधायचं.

झापोटेकांची अडचण तर आणखी मोठी. २६० दिवसांचं चक्र सौरवर्षापेक्षा १०५ दिवसांनी तोकडं, त्यामुळे विजेचा एखादा हिस्सा कधी पेरणीत येई, कधी ऐन उन्हाळ्यात. म्हणून त्यांनी ३६५ दिवसांची दुसरी गणना सोबत ठेवली. दोन्हींची गाठ ५२ वर्षांनी पडे. देवाला एक पंचांग आणि मक्याला दुसरं, ही वाटणी शहाणपणाची वाटते. आपण एकाच पंचांगावर दोन्ही ओझी लादली.

तिकडे मेक्सिकोतल्याच युकातानमध्ये पावसाचा देव ‘चाक’. त्याच्या विधीत वेदीच्या चार कोपऱ्यांना चार मुलं बांधतात आणि ती बेडकांसारखी डराँव-डराँव करतात. आपल्याकडे धोंडी निघते तेव्हा लिंबाचा पाला नेसलेल्या मुलाच्या अंगावर दारोदारी पाणी ओततात, आणि कुठे कुठे काठीला चक्क बेडूक बांधलेला असतो. यात कुणी कुणाचं उचललेलं नाही. पावसाआधी कोण ओरडतं, हे दोन्हीकडच्या पोरांनी ऐकलेलं होतं, इतकंच.

फरक पडतो तो विजेपाशी. वीज पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसावर पडते अशी आपल्याकडची जुनी समजूत. म्हणून गडगडाट सुरू झाला की त्याला घरात कोंडायचं. मेक्सिकोत उलट. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या परिसरात अंगावर वीज पडून वाचलेला माणूस निवडला गेला असं मानतात, आणि गारा हटवणं, पाऊस आणणं हे काम त्याच्याकडे येतं. अझ्टेक काळात विजेने मेलेल्याला जाळत नसत, पुरत. तो थेट त्लालोकच्या हिरव्यागार घरी जाई. आपल्या मराठवाड्यातला, विदर्भातला शेतकरी वीज पडून मरतो तो झाडाखाली, बैलांसकट, आणि मागे उरतो पंचनामा. देशात वर्षाला अडीच हजारांहून जास्त माणसं अशी जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातली वीज सांगतं आणि ते फुकट आहे. पावसाचं वाहन कोल्हा आहे की बेडूक, हे गावोगाव पोचवणाऱ्यांनी शेजारच्या चौकटीत या ॲपचं नाव छापायला काय हरकत आहे?