गावकऱ्यांनी सर केलेला नॉर्वेचा कळस

युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे नावाचा देश आहे. डोंगर, खडक आणि बर्फ यांनी तो असा काही व्यापला आहे की, शंभरात जेमतेम तीन भाग जमीन नांगराखाली येते. या देशातील सर्वांत उंच शिखर म्हणजे गाल्डहोपिगेन. नाव घेताना जीभ अडखळते, पण 'पिगेन' म्हणजे सुळका एवढे ध्यानात ठेवले की पुरे. उंची २४६९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट. हिमालयापुढे ही उंची काहीच नव्हे. पण देश उत्तरेकडचा, त्यामुळे ऐन जुलैतही माथ्यावर बर्फ असते, आणि त्याच दिवसांत रात्री उशिरापर्यंत उजेड रेंगाळत असतो. डोंगर चढण्याचा हंगाम तो हाच.

पायथ्याच्या मुलखाला लोम म्हणतात. समुद्रावरून येणारा पाऊस पश्चिमेचे डोंगर अडवून धरतात आणि लोमच्या वाट्याला वर्षाकाठी ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस उरतो. सह्याद्रीआड माण-खटावची जी गत, तीच या गावची. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच डोंगरावरचे पाणी पाटांतून आणि लाकडी पन्हळींतून शेतावर उतरवून घेतले. उन्हाळा लागला की गुरे-शेळ्या घेऊन घरची माणसे, विशेषतः बायका-मुली, वरच्या कुरणांत मुक्कामाला जात. तेथेच दूध काढायचे, लोणी आणि चीज करायचे आणि थंडीआधी खाली यायचे. अशा उन्हाळी वाड्याला 'सेटर' किंवा 'स्टुल' म्हणतात. डोंगराची वाट आज जेथून सुरू होते त्या स्पिटरस्टुलेनच्या नावात हाच 'स्टुल' दडलेला आहे.

या शिखराची गोष्टही गावकऱ्यांचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत स्नोहेट्टा हा २२८६ मीटरचा डोंगर देशात सर्वांत उंच, अशी समजूत होती. १८४४ साली कायलहाऊ नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ गाल्डहोपिगेनकडे निघाले. वाटेतल्या एका माथ्यापर्यंत ते पोचले, पण हवा बिघडली आणि त्यांना माघारी फिरावे लागले. पुढे सहा वर्षांनी, १८५० साली, लोमचे तिघे जण अखेर वर पोचले. स्टायनार सुलहाइम हा वाटाड्या, इंगेब्रिग्ट फ्लोटेन हे शाळामास्तर आणि लार्स आर्नेसेन हे चर्चमध्ये गायन करणारे. राजधानीचा पाहुणा बरोबर नाही, बक्षीस नाही. डोंगर आपला आहे, तेव्हा वर काय आहे ते पाहून यावे, इतकाच त्यांचा हेतू असावा असे मला वाटते.

आज वर जायच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली स्पिटरस्टुलेनहून, ११०० मीटरवरून. ही वाट लांबची आणि दमवणारी. थोड्याच वेळात गवत संपते आणि घसारा लागतो. बैलाएवढ्या धोंड्यांवरून पाय जपून टाकीत जायचे. वाट चुकू नये म्हणून ठिकठिकाणी दगड लगोरीसारखे रचलेले असतात आणि खडकांवर तांबड्या रंगात इंग्रजी 'टी'सारखी खूण काढलेली असते. खरी गंमत, किंवा खरा वैताग म्हणा, पुढे आहे. शिखर आले असे वाटून माणूस वर पोचतो तो दुसराच माथा निघतो. तेथून खाली उतरायचे, बर्फ तुडवायचे आणि पुन्हा चढायचे. हे दोनदा होते. त्यांतला दुसरा माथा म्हणजे कायलहाऊ परतले तोच. त्याला आज त्यांचेच नाव आहे. अर्ध्यातून माघारी फिरलेल्या माणसाचे नाव डोंगराला देणारे लोक मला तरी शहाणे वाटतात. चांगला चालणारा चार तासांत वर पोचतो.

दुसरी वाट युवाशिट्टा या १८४१ मीटरवरच्या विश्रामगृहाहून निघते. क्नूट वोले या वाटाड्याने ते १८८४ साली सुरू केले. तेथवर मोटार जाते, म्हणून वाट सोपी असे कोणी समजू नये. मध्ये हिमनदी आडवी आहे. हिमनदी म्हणजे अत्यंत संथपणे सरकणारा बर्फाचा जाड थर. तिच्यात खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर नुकत्याच पडलेल्या बर्फाचे पातळ झाकण असते. विहिरीवर पालापाचोळा पसरावा तसा हा प्रकार! म्हणून सर्वांना एका लांब दोराने बांधतात आणि पुढे वाटाड्या चालतो. एकाचा पाय गेला तर बाकीचे दोर ताणून धरतात. हिमनदी ओलांडली की खडकाळ सोंड लागते. तेथे दोन पायांवर भागत नाही, हातांनीही दगड धरून चढावे लागते. तीन ठिकाणी आधार पक्का असल्याशिवाय चौथा हात किंवा पाय हलवायचा नाही, हा तेथला नियम.

माथ्यावर दगडी बांधणीची एक छोटी खोली आहे. उन्हाळ्यात तेथे खाऊ आणि गरम पेय मिळते. नॉर्वेत त्याहून उंच दुकान नाही, कारण त्याहून उंच जागाच नाही!

जुलै असला तरी अंगात लोकरीचे कपडे, वर वारा अडवणारा कोट, टोपी आणि हातमोजे लागतातच. १९६७ सालच्या ईस्टरच्या सुटीत नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसे दगावली. त्यानंतर डोंगरात कसे वागावे याचे नियम साऱ्या देशाला शिकवण्याची मोहीम निघाली. नियम एकूण नऊ. वेळीच माघारी फिरा, त्यात कमीपणा नाही, हा त्यांतला सर्वांना तोंडपाठ.

आपल्या वाचकांना आणखी एक प्रश्न पडेल. एवढे लोक रानातून जातात, तर शेतकऱ्याची हरकत नाही का? १९५७ सालच्या कायद्याने पडीक रानातून आणि डोंगरातून पायी जाण्याची सर्वांना मुभा आहे. पण पेरलेल्या शेतात किंवा गवताच्या राखणीत पाय ठेवायचा नाही. तेथे फक्त हिवाळ्यात, जमीन गोठल्यावर किंवा बर्फाखाली गेल्यावर जाता येते. एप्रिलपासून २० ऑगस्टपर्यंत कुत्रे साखळीने बांधलेले हवे, कारण त्या काळात मेंढ्या गळ्यात घंटा घालून डोंगरात मोकळ्या चरत असतात.

अलीकडे मात्र बर्फ झपाट्याने आटत आहे. शेजारचा ग्लिटरटिंड डोंगर एकेकाळी डोक्यावरच्या बर्फाच्या टोपीमुळे गाल्डहोपिगेनपेक्षाही उंच भरे. ती टोपी वितळली आणि तो वाद मिटला. लोममधल्याच लेंडब्रेन या हिमाच्छादित खिंडीत बर्फाखालून जुनी वाट उघडी पडली. २०११ साली तेथे सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा लोकरी अंगरखा मिळाला. घोड्याचे नाल, घसरगाडीचे तुकडे आणि लाकडी वस्तूही सापडल्या. शेतकरी याच वाटेने गुरे घेऊन सेटरवर जात असत. त्यांतली एक छोटी लाकडी वस्तू कशाची हे संशोधकांना उमगेना. स्थानिक वस्तुसंग्रहालयात ती पाहून एका म्हाताऱ्या बाईंनी लगेच सांगितले की, हे करडांच्या आणि कोकरांच्या तोंडात घालायचे, म्हणजे ती आईला पीत नाहीत आणि दूध माणसांसाठी उरते. आपल्याकडे वासराला मुसके बांधतात, तशातलेच हे. त्यांच्या गावी १९३० नंतरच्या काळातही ते वापरात होते. बर्फातून निघालेली वस्तू मात्र अकराव्या शतकातली ठरली.