नळी कोणती, ते चाळीनं ठरवलं

लालबागला चाळीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. संडास गॅलरीच्या पार टोकाला. जिन्यावरून पडलो, कमरेच्या मणक्याला मार बसला. काठी घेऊन चालायला लागलो, पण लघवी आपसूक होईना.

आता मला लघवीची कायमची नळी आहे, पण डॉक्टरांनी आधी वेगळाच उपाय सांगितला होता. दर चार-सहा तासांनी आपणच बारीक नळी घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर. १९७२ साली अमेरिकेत मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं, की त्यासाठी सगळं निर्जंतुक असण्याची गरज नाही, स्वच्छता पुरते. कायमच्या नळीपेक्षा यात जंतुसंसर्गाचा धोकाही कमी. पण साबणानं हात धुवायचे कुठे? बारा बिऱ्हाडांत दोन संडास. आत नळ नाही, कडी लागत नाही, सामान अडकवायला खुंटी नाही. बाहेर रांग, दारावर थापा. खोलीतल्या मोरीला नुसता पडदा, आणि पडद्याअलीकडे आई, बायको, वयात आलेली मुलगी. आठ दिवस करून पाहिलं. मग कायमची नळी बसवून घेतली.

ही नळी आत पाण्याच्या छोट्या फुग्यानं अडकून राहते. पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, नाहीतर लघवी उलटी जाते. पिशवी रिकामी करायची म्हणजे भांडं घेऊन सगळी गॅलरी पार करायची, दारादारांत बसलेल्यांच्या समोरून. म्हणून मी पाणीच कमी प्यायचो. लघवी गढूळ झाली, नळीत खडूसारखा थर धरला आणि एका रात्री नळी तुंबली. पोट दगडासारखं. तीन जिने मला खुर्चीत बसवून उतरवलं. "पाणी का पीत नाही?" डॉक्टरांनी विचारलं. गॅलरीचं त्यांना सांगायला जीभ रेटली नाही.

नळी बदलायच्या रांगेत एक ताई भेटायच्या. पिशवी साडीखाली पायाला बांधलेली. चार घरची धुणीभांडी, पण एकाही घरातला संडास वापरायची मुभा नाही. "भरली की आतून ओढ लागते, भाऊ," म्हणायच्या. त्या ओढीनं आत जखम होते. औषध लिहून देणाऱ्याला ती घरं कशी दिसणार?

गेल्या महिन्यात चाळीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं बोललो. बायका खाली मान घालून ऐकत होत्या. चार दिवसांनी एका संडासाला कडी बसली. खुंटी मी स्वतः ठोकली. आतल्या नळाचं काम बाकी आहे. तो आला, की डॉक्टरांना विचारणार आहे, पहिली पद्धत मला पुन्हा जमेल का.